उलट्या आट्याची चावी

सुज्ञ आणि सहृदय वाचकांस सविनय निवेदन. पुढील कथेत एका पराक्रमी स्त्रीचा आणि एका मायावी पुरुषाचा जो संग्राम वर्णिला आहे, तो प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्या दिवशी डोळ्यांवर कितपत विश्वास ठेवावा हाच मुळी प्रश्न होता. तेव्हा मी असे म्हणेन की, तो मी डोळ्यांनी पाहिला, कानांनी ऐकला आणि नखशिखांत भिजून अनुभवला. या संग्रामात एका मातेचे आणि तिच्या अद्याप न जन्मलेल्या लेकराचे प्राण पणाला लागले होते. ती माता म्हणजे माझी एकुलती एक कन्या होय. म्हणून लेखणी कोठे थरथरली, तर वाचकांनी उदार अंतःकरणाने सांभाळून घ्यावे.

प्रथम पात्रपरिचय. मी पाणीपुरवठा खात्यात चावीवाला आहे. रस्त्याखालून जे मोठे नळ जातात, त्यांवर ठिकठिकाणी व्हॉल्व्ह बसविलेले असतात. लोखंडी झाकण उचलावयाचे, छातीइतक्या उंचीची चावी खड्ड्यात उतरवावयाची, आणि ठरलेले फेरे मोजून पाणी सोडावयाचे अथवा बंद करावयाचे, हे माझे सव्वीस वर्षांचे कार्य. लोक नळ सोडतात आणि बादली भरते. त्यापाठीमागे कोणी एक मनुष्य कंबर मोडून फेरे मोजीत असतो, हे त्यांच्या गावीही नसते. असो.

माझ्या पत्नीची धाकटी बहीण शिवणकारखान्यात ओव्हरलॉक मशीन चालविते. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. परंतु संकटसमयी हीच धाकटी 'झेप' हे नाव धारण करून शहराच्या रक्षणार्थ धावते. एका उडीत तीन मजले चढणे आणि भरलेला ट्रक दोन हातांवर तोलणे, या तिच्या अंगभूत शक्ती होत. तिचा निळा पोशाख तिने स्वहस्ते शिवलेला असून त्याची शिवण त्या दिवसापर्यंत एकदाही उसवलेली नव्हती. ट्रक उचलण्याहून तिला या गोष्टीचा अभिमान अधिक आहे.

आणि खलपुरुष भासराज! हा पूर्वी फोटो स्टुडिओचे पडदे रंगवीत असे. पडद्यावरचे महाल आणि बगीचे रंगविता रंगविता त्याला अशी काही विद्या हस्तगत झाली की, दहाही बोटे हवेत नाचविली म्हणजे जे नाही ते दिसावे आणि ऐकूही यावे. एकदा त्याने नगरभवनात सिंह सोडल्याचा भास निर्माण केला. साहेब लोक दोन तास टेबलांवर उभे होते. सिंहाला हात लावून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही, हे साहजिकच आहे.

आता मूळ कथेकडे वळू.

सकाळचे साडेदहा झाले होते. माझ्या कन्येला कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावले होते की, बाळ पोटात आडवे आहे. कळा सुरू झाल्या की तासाभरात प्रसूतिगृहात आणा, शस्त्रक्रिया करावी लागेल. उशीर झाला तर दोघांच्याही जिवाला धोका आहे. जावई परगावी नोकरीस. मी कामावरून धावत आलो तो चावीसकट. रुग्णवाहिका दारात उभी होतीच.

"अहो, त्या चावीलाही बाळंतपणाला न्यायचंय का?" पत्नीने विचारले.

"खात्याची वस्तू आहे. अशी टाकून कशी जाऊ?"

"आणा, आणा. तिचंही काही राहिलं असेल तर तपासून घेऊ."

कन्येला आत झोपविले. पत्नी तिच्या उशाशी बसली. मी चावी पायांत धरून ड्रायव्हरशेजारी बसलो. तेवढ्यात टपावर धप्पकन आवाज झाला. ड्रायव्हरने घाबरून वर पाहिले.

"घाबरू नका हो, मीच आहे," वरून आवाज आला. "भावोजी, चला लवकर. सुपरवायझरला सांगून आलेय, मावशी होतेय म्हणून."

"अगं, मावशी तू कधीचीच आहेस. आता आजी होणार!" पत्नी आतून ओरडली.

"आजी तू! मी मावशीआजी. वय वाढवू नकोस माझं."

कळांनी पिळवटलेल्या माझ्या लेकीलाही त्या स्थितीत हसू फुटले. प्रसूतिगृह येथून अवघ्या दहा मिनिटांवर होते.

दहा मिनिटे झाली, वीस झाली. ड्रायव्हरच्या कपाळावर घाम साचू लागला.

"नाना, इथं डावीकडे पेट्रोल पंप होता ना?"

"होता."

"मग हे चपलांचं दुकान कुठून आलं? चौथ्यांदा येतंय. दरवेळी तोच लाल बूट, तोच मालक, तीच जांभई!"

मी निरखून पाहिले. मालक जांभई देत होता, आणि त्याचे तोंड मिटतच नव्हते. पुढे एका चौकात आम्ही येऊन ठेपलो. तेथे तीस-चाळीस वाहने वेडीवाकडी अडकून पडली होती. कोणी म्हणे रस्ता संपला, कोणी म्हणे समोर भिंत आहे. मला तर समोर बँकेची नवी कोरी, सहा मजली काचेची इमारत स्वच्छ दिसत होती. म्हणजे आपण शहराच्या नव्या भागात भरकटलो, प्रसूतिगृहापासून मैलभर दूर आलो, असे मी समजलो.

इतक्यात बँकेच्या गच्चीवर, बसच्या टपावर, रस्त्याच्या कठड्याजवळ, दिव्याच्या खांबावर, जिकडे पाहावे तिकडे एकच पुरुष उभा राहिला. मखमली कोट, टोकदार दाढी, चकचकीत काळे बूट! मी मोजले, चाळीस भरले.

"झेप!" चाळीसही मुखांनी एकच गर्जना झाली. "हे सारे शहर आज माझे चित्र आहे! या चौकात सर्वांसमक्ष 'मी हरले' असे म्हण. त्याशिवाय कोणालाही रस्ता सापडणार नाही!"

वाचकहो, येथे एखादी मानी वीरांगना काय करील? ती दात ओठ खाईल, शपथ वाहील. परंतु आमच्या धाकटीने टपावर उभे राहून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ती ओरडली, "हरले! ऐकलं का? हरले बाबा, सतरांदा हरले! माझी भाची आत अडलीय. आता रस्ता दे!"

चाळीसही भासराज क्षणभर गोंधळले. इतक्या लवकर विजय मिळेल अशी त्यांची तयारी नसावी.

"असे नव्हे!" ते म्हणाले. "हरलेला मनुष्य असा घाईने बोलत नसतो. गुडघे टेक. अश्रू ढाळ. लोकांना दिसले पाहिजे!"

"अरे मेल्या, रडायला वेळ कुठाय? उद्या येऊन रडते. पाहिजे तर घरी येऊन रडते!"

"आजच!"

"मग थांब तू." असे म्हणून तिने जी उडी घेतली, ती थेट बँकेच्या गच्चीपर्यंत. परंतु हाय! गच्ची तेथे नव्हतीच. ती गच्चीतून, सहाही मजल्यांतून आरपार खाली आली आणि टोपल्यांच्या हातगाडीवर कोसळली. पुन्हा उठली, बसवरच्या भासराजावर झेपावली. तो धुरासारखा विरला आणि तिने दिव्याचा खांब मात्र वाकविला. तिसऱ्यास पकडावयास गेली तो तिच्या हाती वाऱ्यावर उडालेला एक वर्तमानपत्राचा कागद आला. तिची दृष्टी घारीसारखी तीक्ष्ण, आणि नेमकी तीच दृष्टी तिला फसवीत होती. बळ कोठे लावावे हेच न कळल्यास बळाचा काय उपयोग?

रुग्णवाहिकेतून माझ्या लेकीची किंकाळी आली. "आई गं! आता नाही सहन होत!"

पत्नीने मागच्या खिडकीतून डोके बाहेर काढले. एरवी टोमणे मारणारा तिचा आवाज पार बदलला होता. "अहो, काहीतरी करा हो. पोरीचे ओठ पांढरे पडलेत."

भासराजाने धाकटीची धावाधाव पाहिली आणि तिला आणखी छळावे असे त्याच्या मनात आले. त्याने बोटे नाचविली. रस्ता दुभंगला, भूमीतून पाण्याचा प्रचंड लोंढा उसळला आणि घोंघावत आमच्या दिशेने आला. गुडघे, मांड्या, कंबर! लोक गाड्यांतून उड्या टाकून पळू लागले.

आता माझ्या हातून जी चूक झाली ती मी प्रामाणिकपणे लिहितो. पूर पाहून इतर लोक जीव वाचवावयास पळाले. मी चावीवाला. पाणी फुटलेले दिसले की, ते बंद केल्यावाचून माझे हात स्वस्थ बसत नाहीत. माझी लेक त्या गाडीत होती आणि पाणी खिडकीपर्यंत चढत होते. मी चावी घेऊन उडी टाकली आणि पायाने चाचपडू लागलो. डोळ्यांना फक्त पाणी दिसत होते. परंतु बुटाला झाकणाची लोखंडी कड लागली. बँकेपुढे आमचा एक व्हॉल्व्ह आहे, तोच हा, असे मी धरून चाललो. झाकण उचलले, चावी उतरविली आणि बंद करण्यासाठी उजवीकडे जोर लावला.

एक, दोन, तीन... सात... अकरा...

बंद होत जाणारा व्हॉल्व्ह जड होत जातो. हा हलका होत चालला होता! पायाखाली नळातून गुणगुणल्यासारखा आवाज येऊ लागला. मी तरीही फिरवीतच राहिलो, कारण मनुष्य घाबरला की त्याची बुद्धी हातात उतरते. सोळाव्या फेऱ्याला चावी थडकन थांबली, आणि दहा पावलांवर नळाचा जुना सांधा असा काही फुटला की पाण्याचा खांब दोन मजले उंच उडाला.

"भावोजी!" धाकटी धापा टाकीत माझ्याशेजारी येऊन उतरली. "काय केलंत हे? आणि मघाशी कमरेएवढ्या पाण्यात उभे होतात ना? मग पँट कोरडी कशी तुमची?"

मी खाली पाहिले. पूर तेथेच होता, कमरेपर्यंत होता. आणि माझे मोजेसुद्धा कोरडे होते! बंद करावयाचे पाणी मुळी नव्हतेच. होते ते मीच सोडले होते. तिच्याशी बोलत असताना आकाशातून तो फवारा आमच्या दोघांच्या डोक्यांवर कोसळला. तो मात्र अगदी अस्सल होता. बर्फासारखा थंड!

आणि त्या गारठ्याने माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"धाकटे!" मी ओरडलो. "हा व्हॉल्व्ह उलट्या आट्याचा आहे! उजवीकडे फिरवला की उघडतो!"

"मग मी काय नाचू?"

"नाच! अगं, नव्या भागात असा एकही नाही. सगळे बदलले आम्ही. आमच्या हद्दीत उलट्या आट्याचा एकच उरलाय, प्रसूतिगृहापुढच्या जुन्या चौकात. पाइप जुना म्हणून तो आम्ही निम्माच उघडा ठेवतो. ही बँक नाहीच! आपण प्रसूतिगृहाच्या तोंडाशी उभे आहोत! चाळीस पावलं, फार तर पंचेचाळीस!"

"कुठल्या बाजूला?"

ते सांगण्याची गरज मला पडली नाही. वर उडालेले पाणी आता साऱ्या चौकावर बरसत होते. बँकेच्या काचांवर ते पडले आणि काचांतून आरपार गेले, एक थेंबही ओघळला नाही. परंतु त्या खोट्या इमारतीच्या पोटात, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पत्र्यावर ताडताड ताशा वाजू लागला. पाण्याच्या धारांनी एका उतरत्या छपराची कड आखली. पन्हळीतून धार लागली. एका पाटीच्या चार कोपऱ्यांवरून पाणी ठिबकू लागले. प्रसूतिगृह! आमच्या नाकासमोर!

"दिसलं!" ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात आपटून ओरडला. "नाना, दिसलं हो!"

हे भासराजाच्याही ध्यानी आले. आपले एकोणचाळीस अवतार कोरडे आणि आपण एकटेच ओले, असे होऊन चालणार नाही, हे त्याने ओळखले. बोटे फिरली. क्षणात चाळीसही दाढ्यांवरून पाणी निथळू लागले. कलावंत तो कलावंत, हे वैऱ्यानेही मान्य केले पाहिजे. चाळीस ओले भासराज आपापल्या जागी राजासारखे ताठ उभे राहिले.

परंतु कठड्याजवळचा एकजण किंचित वाकला. त्याने दोन चिमटींत आपल्या विजारीचे पाय धरून गुडघ्यापर्यंत वर केले, एक बूट पाण्यातून उचलला आणि मांजरासारखा झटकला.

"नवे दिसतायत बूट," धाकटी पुटपुटली, आणि तिने झेप घेतली.

या वेळी तिच्या मुठीत धूर आला नाही. मखमली कोटाची कॉलर आली, आणि कॉलरीत तो आला. उरलेले एकोणचाळीस भासराज विझलेल्या दिव्यांप्रमाणे एकापाठोपाठ एक नाहीसे झाले.

तथापि संकट टळले नव्हते! भास गेले तरी आमच्या आणि प्रसूतिगृहाच्या मध्ये अडकलेली वाहने तर खरी होती. मुंगीला शिरायला वाव नव्हता. लेकीला उचलून उडी मारावी, तर डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती, धक्का लागता कामा नये. धाकटीने एकवार गाडीकडे पाहिले, एकवार हातातल्या भासराजाकडे.

"भावोजी, अँब्युलन्स उचलायची तर दोन्ही हात लागतील. याचं काय करू? सोडला तर पुन्हा भिंती उभ्या करील."

"आण त्याला इकडे!" पत्नी आतून गरजली. "माझ्याकडे दे."

भासराजाला आत ढकलून दार लावण्यात आले. पत्नीने त्याच्या एका हातात सलाइनची बाटली दिली. "वर धर. खाली आली तर बघ. आणि काय रे, आई-बापानं काही नाव ठेवलं होतं की हेच?"

तो काही उत्तर देणार, तोच लेकीला कळ आली. आधारासाठी तिने जो हात हाती लागला तो धरला. तो भासराजाचा होता. तिने तो असा आवळला की त्याच्या चेहऱ्यावरचे सारे तेज उतरले. त्याने सलाइनच्या हाताची बोटे कशीबशी हलविली. बाहेर हवेत एक खिडकी उमटली, भिंत नसलेली, एकटीच, आणि विरून गेली.

"सोडा हो बाई! बोटं मोडतील माझी!" तो कळवळला.

"ओरडू नकोस!" लेक ओरडली. "कळा मला येतायत!"

धाकटीने वाकून रुग्णवाहिकेखाली दोन्ही हात घातले, श्वास रोखला आणि ती गाडी, माझ्या सर्वस्वासकट, हळूहळू डोक्यावर घेतली. दुभाजकाची भिंत तेवढी मोकळी होती. रुंदी जेमतेम वीतभर, आणि ओली. डोक्यावर गाडी असल्याने तिला खालचे काही दिसत नव्हते. म्हणून मी पुढे उलटा चालू लागलो.

"उजवा पाय. बरोबर. आता डावा. थांब! तिथं वीट निघालीय. थोडं पुढे टाक... हां."

"ताई, हळू हं!" वरून ड्रायव्हरचा आवाज. त्याचा पाय ब्रेकवर होता, हे मला नंतर कळले.

"किती राहिलं, भावोजी?"

"तीस पावलं. डावा. उजवा."

"बोलत राहा. गप्प बसू नका. भीती वाटते."

सव्वीस वर्षे मी फेरे मोजले. त्या दिवशी पावले मोजली. वीस पावले उरली असता तिचा पाय घसरला. गाडी एका अंगाला झुकली. चौकातल्या साऱ्या लोकांचा श्वास अडकल्याचे मला ऐकू आले. तिने दात आवळले, तिच्या खांद्याची शिवण टर्रकन उसवली, आणि गाडी सरळ झाली. अकरा. सात. तीन. प्रसूतिगृहाच्या पायरीपुढे तिने ती अशी अलगद टेकविली, जशी झोपलेल्या माणसाच्या उशाशी पाण्याची वाटी ठेवावी.

लेकीला तडक शस्त्रक्रियेच्या खोलीत नेले. दार मिटले. भासराजाचा हात सोडविण्यास परिचारिकेला बरेच प्रयास पडले.

बाकड्यावर आम्ही चौघे बसलो: मी, पत्नी, धाकटी आणि सुजलेली बोटे फुंकीत असलेला भासराज. पोलीस येईपर्यंत त्याला धाकटीने शेजारीच बसविला होता. बाहेरून फुटलेल्या पाण्याचा घोष ऐकू येत होता. त्या नळावर चार पेठांचे पाणी अवलंबून. प्रत्येक क्षणाला हजारो बादल्या गटारात वाहत होत्या, आणि ते थांबविण्याची चावी माझ्या पायांशी पडलेली होती.

"अगं, पाणी वाहतंय," मी म्हणालो. "चार पेठा कोरड्या राहतील. जाऊन येऊ का?"

पत्नीचे डोळे दाराला लागलेले होते आणि तिच्या हातात माझ्या ओल्या बाहीचे टोक होते.

मी उठलो नाही. सव्वीस वर्षांत प्रथमच मी पाणी वाहू दिले. त्याबद्दल खात्याने माझ्याकडून जो खुलासा मागितला, त्यात मी हेच लिहून दिले आहे आणि त्याखाली सही केली आहे.

किती वेळ गेला ते ठाऊक नाही. आणि मग त्या मिटलेल्या दारातून, बाहेरच्या पाण्याच्या घोषावर मात करीत, एक बारीक, संतापलेला, अस्सल आवाज आला. धाकटी उडी मारून उठली ती छताला डोके आपटून खाली आली. पत्नी रडू लागली. मी चावी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

परिचारिका दारात आली. "दोघीही सुखरूप आहेत."

"दोघी?" भासराजाने विचारले. "म्हणजे मुलगी?"

"तुला काय करायचंय?" डोळे पुसत पत्नी म्हणाली. मग जराशाने म्हणाली, "हो. मुलगी."

मी दोन्ही हात पुढे केले. परिचारिकेने माझ्या कपड्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे पाहिले आणि बाळाला छातीशी घट्ट धरून ती एक पाऊल मागे सरली.

"आधी अंग पुसून या, आजोबा."

ही हकीकत आपण शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. मजपाशी विद्या थोडी. शब्दांत काही न्यून राहिले असल्यास ते माझे समजावे, आणि आनंद जो वाटला असेल तो त्या बालिकेच्या नावे जमा करावा. माझ्यामुळे त्या दिवशी ज्या चार पेठांत पाणी आले नाही, तेथील वाचकांची मी हात जोडून वेगळी क्षमा मागतो. सर्वांचे आभार.

आपला नम्र,
नाना चावीवाले